मदत हवी आहे: खुडूक बसणारी, पण पोरांना न टोचणारी कोंबडी कोणती घ्यावी? (नाशिक)

रानजाई

नमस्कार मंडळी. मखमलाबादच्या पुढे दहा गुंठ्यांत आमचं घर आहे. आंबा, शेवगा, दोन लिंबं आणि बाकी मोकळं अंगण. एका बाजूला द्राक्षबाग (आमची नाही), दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट आणि त्यात माजलेलं गवत. घरच्या कोंबड्या हव्यात असं सासूबाईंचं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी खुराडं बांधून झालं: खाली वीट, वर पत्रा, तीन बाजूंनी बारीक जाळी. आता कोंबड्या तेवढ्या यायच्या आहेत.

आठ-दहा माद्या आणि एखादा कोंबडा, एवढंच डोक्यात आहे. धंदा करायचा नाही. घरापुरती अंडी मिळावीत आणि वर्षाकाठी थोडी पिल्लं आपली आपण निघावीत. उबवणीची पेटी घ्यायची नाही. आमच्याकडे वीज गेली की कधी कधी रात्रभर येत नाही, शिवाय पेटीतली पिल्लं सासूबाईंना मंजूरच नाहीत. म्हणजे खुडूक होऊन अंड्यांवर बसणारी कोंबडीच हवी.

दुसरी अट स्वभावाची. मुलगी पाच वर्षांची आहे आणि तिला दिसेल तो प्राणी उचलून कडेवर घ्यायचा असतो. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे अंगावर धावून येणारा कोंबडा अजिबात नको.

पिल्लं विकणाऱ्यांकडे चौकशी केली तर सगळे "गावरानच आहे ताई" म्हणतात. खोदून विचारलं की कावेरी, सोनाली, डीपी क्रॉस अशी नावं निघतात. एक जण कडकनाथच घ्या म्हणून मागे लागलाय, दुसरा आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) म्हणतो, तिसरा गिरिराज. यातली खुडूक कोण बसते? गरीब स्वभावाची कोण? आणि सगळ्या एकाच खुराड्यात नांदतील का? ज्यांनी स्वतः पाळल्यात त्यांनी सांगावं, व्हिडिओ बघून झालेत.

टवाळ_कोंबडा

दहा गुंठे, आंबा, शेवगा, कोंबड्या... पत्ता द्या, आम्ही रस्सा खायला येतो.
(तुमच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, पण धागा वाचतोय.)

डालगं

ताई, एकच कोंबडी अंडीही भरपूर देईल आणि पिल्लंही काढेल, हा हिशोब आधी सोडा. कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद. गावरान मादी बारा-पंधरा अंडी घालणार, मग एकवीस दिवस बसणार, मग दीड-दोन महिने पिल्लं घेऊन हिंडणार, त्यांना टोचून हाकलल्यावर पुन्हा अंड्यावर येणार. वर्षात असे तीन-चार फेरे झाले की पन्नास-साठ अंड्यांवर गाडी थांबते. ज्या जाती वर्षाला दोनशेच्या वर अंडी देतात त्यांच्यातला खुडूकपणा माणसाने निवड करून करून काढून टाकलाय. पांढरी लेगहॉर्न बघा, घरट्यात दहा अंडी साठली तरी तिला त्याचं काही नाही.

म्हणून आम्ही दिंडोरीकडे असं करतो की दोन-तीन गावरान माद्या फक्त पिल्लांसाठी, बाकीच्या अंड्यांसाठी. आरआयआरचं अंडंसुद्धा गावरान कोंबडी आपलं समजून उबवते.

पशुवैद्य_नाशकातला

डालगंशी सहमत. तुम्ही विचारलेल्या नावांबद्दल सांगतो.

गिरिराज बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची, वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या. तिन्ही परसातल्या पालनासाठीच तयार केलेल्या आहेत आणि स्वभावाने गरीब. पण या संकरित जाती, खुडूक सहसा बसत नाहीत. दुसरं म्हणजे यांची पिल्लं घरी काढली तर पुढच्या पिढीत आईबापांचे गुण तसेच उतरत नाहीत. गिरिराज आणि वनराज वजनदार असल्याने उडता येत नाही. कुत्रं मागे लागलं की गावरान आंब्यावर जाते, गिरिराज जागीच सापडते. कावेरी, सोनाली, डीपी क्रॉस यांनाही पिल्लं काढण्यासाठी घेऊ नका.

कडकनाथ मूळची झाबुआकडची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भाव चढेच आहेत. काटक आहे, पण अंड्यावर बसण्याच्या बाबतीत बेभरवशाची. कित्येक जण तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवतात. आणि कोणी काळी अंडी म्हणून विकत असेल तर तिथून निघा, कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं.

असील उत्तम खुडूक बसते, पिल्लांसाठी घारीच्याही अंगावर जाते. पण ती झुंजीची जात. कोंबडे एकमेकांना जगू देत नाहीत आणि माद्याही इतरांना दाबतात. लहान मूल आणि म्हाताऱ्या बाई असलेल्या घरात मी असील सुचवणार नाही.

अंड्यांसाठी आणि स्वभावासाठी विचाराल तर काळी ऑस्ट्रलॉर्प. मूळ ऑस्ट्रेलियाची, एका मादीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिल्याचा विक्रम या जातीच्या नावावर आहे. तुमच्या परसात एवढी देणार नाही, पण देईल चांगली, आणि सोशिक आहे. अधूनमधून खुडूकही होते, त्यावर विसंबू मात्र नका. आरआयआरच्या माद्या ठीक, कोंबडा कधी कधी डोक्यात जातो.

रानजाई

खूप आभार डॉक्टर. म्हणजे ऑस्ट्रलॉर्प सहा आणि गावरान दोन, असं धरते. पण खात्रीची गावरान ओळखायची कशी? सगळेच गावरान म्हणतात, आणि गावरान असली तरी ती बसेलच असं कोण सांगणार?

ओझरची_वहिनी

तुम्ही जात शोधताय, मी म्हणते आई शोधा. एक दिवसाची पिल्लं घेऊच नका. पेठ, हरसूल, सुरगाणा भागातल्या आठवडे बाजारात बायका पाटीत कोंबड्या घेऊन बसतात. तिथे पिल्लांसकट आई मिळते का बघा. तीन-चार आठवड्यांची आठ-नऊ पिल्लं जिच्या मागे फिरतायत, ती बसते का, पिल्लं सांभाळते का, हे विचारायची गरजच उरत नाही. पैसे चार जास्त गेले तरी चालतील. त्या पिल्लांतल्या तलंगा (तरुण माद्या) ठेवल्या तर पुढे त्याही बहुतेक आईवर जातात.

विकणाऱ्या बाईंना दोनच गोष्टी विचारायच्या: किती वेळा बसली आणि मागच्या खेपेला किती निघाली. खरं पाळणारी बाई लगेच सांगते, वर कोंबडीच्या खोड्याही सांगते. व्यापारी असला तर नुसता भाव सांगतो. मुळात अंड्यावर बसलेली खुडूक कोंबडी मात्र उचलून आणू नका. जागा बदलली की तिची खुडूक मोडते.

आता स्वभावाचं. गावरान पायात पायात येते पण हातात येत नाही. मुलीला उचलूनच घ्यायचं असेल तर ऑस्ट्रलॉर्पची पिल्लं लहान असल्यापासून तिच्या हातून कण्या खाऊ घाला, ती मोठी झाल्यावरही जवळ येतात. गावरान आईच्या पिल्लांना आई असेपर्यंत हात लावायचा नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा. वर्षभर गाय असलेली कोंबडी खुडूक झाली की वेगळीच होते. पिसं फुलवून अशी पसरते की घरट्यात जागा उरत नाही, हात नेला की घशातून गुरगुरते आणि चोच मारते ती कातडी धरून. ओळख म्हणजे हीच. दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने खाते, पाणी पिते, एक भला मोठा वास मारणारा पो टाकते, राखेत लोळते आणि परत जाऊन बसते. पोट चाचपलं तर पिसं गळून कातडी उघडी लागते, गरम असते.

डालगं

वहिनींचं शंभर टक्के बरोबर. बसवायचं कसं ते लिहितो.

घरट्यात रोज एक खूण केलेलं अंडं राहू द्यायचं, बाकीची उचलायची. साठवलेली अंडी आठवड्याच्या आतली, निमुळतं टोक खाली करून, घरातल्या गार कोपऱ्यात. कोंबडी दोन रात्री घरट्यातच राहिली की पक्की समजायची आणि अंधार पडल्यावर सगळी अंडी एकदम खाली सरकवायची. एक एक करून दिवसाआड घातली तर पिल्लं पुढेमागे निघतात, ती पहिल्या पिल्लामागे उठून जाते आणि उरलेली अंडी गार पडतात. गावरान मादीखाली दहा-बारा पुरे, थंडीत आठ-नऊच. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात बघायचं, आत शिरा दिसल्या तर जिवंत. कोरी दिसली ती काढून टाका, नाहीतर फुटून सगळं घरटं नासवतात.

घरट्यात भुशाखाली राख आणि कडुलिंबाचा पाला. पिसवा झाल्या तर चांगली बसलेली कोंबडीसुद्धा अंडी टाकून उठते. बाकीच्या कोंबड्यांपासून घरटं वेगळं ठेवा, नाहीतर त्या तिच्यातच येऊन अंडी घालतात.

टवाळ_कोंबडा

आमच्या आजीकडे नको असलेल्या खुडूक कोंबडीच्या नाकात पीस घालायचे. ते खरं का हो डॉक्टर?

पशुवैद्य_नाशकातला

घालतात अजूनही. करू नका, जखम होते आणि ती खायचं सोडते. खुडूक मोडायची असेल तर खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, घरट्याशिवाय, चारा-पाण्यासह ठेवा. खालून वारा लागून पोट गार राहिलं की बहुतेक काही दिवसांत उतरते.

रानजाई ताई, बाजारातून आणलेल्या कोंबड्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवा, नुसत्या वेगळ्या डालग्याखाली नव्हे, वेगळ्या जागी. मानमोडी (राणीखेत रोग) बाजारातूनच घरात येते आणि मग औषध नाही. पिल्लांना पाच ते सात दिवसांच्या दरम्यान लासोटाचा (मानमोडीच्या पहिल्या लसीचा) थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे सहा ते आठ आठवड्यांत मानमोडीची टोचणी, आणि देवीची लस. अडचण एकच: लसीची कुपी निदान शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा विरघळवली की तास-दोन तासांत वापरावी लागते.

रानजाई

हे कोणीच सांगितलं नव्हतं. अजून दोन शंका. आमच्याकडे कोंबडी कधी बसवावी? आणि बागेची फवारणी?

ओझरची_वहिनी

तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे. नुसतं हवामान बघितलं तर पाऊस सरल्यावर बसवणं चांगलं. पण ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेत फवारण्या सुरू होतात आणि त्याच वेळी पिल्लं बाहेर चरायला निघतात. तुमची बाग नसली तरी वारा तुमच्याकडेच येणार. त्यात डिसेंबर-जानेवारीत आमच्या निफाड-ओझर पट्ट्यात थंडी अशी पडते की पहाटे पिल्लं आईखालून बाहेरच येत नाहीत. म्हणून जानेवारी संपता संपता बसवा. पिल्लं फेब्रुवारीत निघतात, तोवर बागा काढणीला आलेल्या असतात आणि फवारणी कमी झालेली असते. एप्रिल-मे नको, उन्हात साठवलेली अंडी बसवायच्या आधीच बिघडतात. पावसाळ्यात भुसा ओला राहिला की पिल्लांना रक्ती हगवण लागते.

शेजारच्यांशी बोलून ठेवा. फवारणीच्या दिवशी फोन करा म्हणावं, त्या दिवशी कोंबड्या कोंडून ठेवायच्या. आमचे शेजारी करतात, बदल्यात अंडी जातात.

डालगं

आणि तीनच बाजूंनी जाळी म्हणालात, चौथ्या बाजूला काय आहे? त्या गवतातून मुंगूस येणार, धामण अंड्यांना येणार. जाळी जमिनीत हातभर पुरा. बिबट्या तर आता आपल्याकडे कुठेही निघतो, संध्याकाळी दार लावायला विसरू नका.

रानजाई

चौथ्या बाजूला घराचीच भिंत आहे, दार तिकडूनच. जाळी मात्र पुरलेली नाही, या रविवारी पुरून घेते.

तर आता ठरलं ते असं: गावरान आई पिल्लांसकट, आणि ऑस्ट्रलॉर्पच्या सहा तलंगा. सासूबाईंना वहिनींचं उत्तर वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या "हेच मी सांगत होते." (सांगत नव्हत्या.) कोंबड्याचं काय करावं? अंडी बसवायची तर तो लागणारच.

पशुवैद्य_नाशकातला

नुसत्या खायच्या अंड्यांना कोंबडा लागत नाही, बसवायच्या अंड्यांना लागतो. आठ-दहा माद्यांना एक पुरे. ऑस्ट्रलॉर्पचा घ्या आणि वयात आलेला घ्या, म्हणजे स्वभाव कळलेला असतो. विकणाऱ्याच्या अंगणात तो मोकळा असताना तुम्ही पाठ करून चालून बघा. मागून पंख पाडून आडवा तिरका येत असेल तर सोडून द्या, पायामागचा काटा मुलीच्या डोळ्याच्या उंचीला येतो. घरी आणल्यावर अंगावर यायला लागला तरी ठेवू नका, ती खोड जात नाही.

टवाळ_कोंबडा

मग रश्श्याला बोलवा.

रानजाई

बोलवते :)
लसीच्या कुपीचं काहीतरी करायला हवं. मखमलाबाद, म्हसरूळ, गिरणारे बाजूला अजून कोणी कोंबड्या पाळत असेल तर इथे हात वर करा. एकाच दिवशी पिल्लं एकत्र आणून लस देता येईल, एक कुपी चार-पाच घरांत पुरेल.

गिरणारेकर

आमच्याकडे तीस-पस्तीस आहेत, देवीची लस राहिलीय. फेब्रुवारीत ठरवा, मी येतो. बर्फाचा डबा माझ्याकडे आहे.