खुबा बदलताना पुढून की मागून?

निवांत: खुब्याचा सांधा बदलायचा तर पुढून चिरा देऊनच करून घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. पुढून जाताना स्नायू सहसा कापत नाहीत, दोन स्नायूंमधल्या फटीतून सांधा गाठतात. मागून जाताना पाय बाहेर वळवणारे छोटे स्नायू हाडापासून सोडवून परत शिवावे लागतात. मग सांधा निखळू नये म्हणून ती पथ्यं: नव्वद अंशांपुढे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. एवढा जाच कशाला?

खडूस: पुढून केलं की काठी थोडी लवकर सुटते, कबूल. पण पुढे काय? रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पेशंटचे गट पाडून केलेल्या) चाचण्यांत पुढच्या मार्गाची आघाडी बहुतेक पहिल्या काही आठवड्यांपुरतीच दिसते. वर्षभरानंतर पुढून आणि मागून केलेल्यांच्या चालण्यात फारसा फरक उरत नाही. शिवाय मांडीच्या बाहेरच्या बाजूची संवेदना देणारी नस पुढच्या चिऱ्याच्या वाटेतच असते. ती दुखावली की तिथली कातडी बधिर. सर्जनचा हात बसेपर्यंत मांडीचं हाड तडकण्याचा धोकाही जास्त.

निवांत: "काही आठवडेच" म्हणायला सोपं आहे हो! एकट्या राहणाऱ्या माणसाला त्याच आठवड्यांत मोजा घालायचा असतो, कमोडवरून उठायचं असतं. वर्षानंतरचा आलेख त्याच्या काय कामाचा?

फिजिओताई: दोघंही बाजूचा मार्ग विसरलात. त्यात कुल्ह्याच्या मधल्या स्नायूचा पुढचा भाग सोडवतात. हाच स्नायू एका पायावर उभं राहताना कंबर तोलून धरतो. तो नीट जुळला नाही तर लंगड मागे राहते, सांधा मात्र सहसा निखळत नाही. आणि पेशंट ऑपरेशनच्याच दिवशी उभा राहतो त्याचं श्रेय नुसत्या चिऱ्याला देऊ नका. कमरेतली भूल, सांध्याभोवती दिलेली वेदनाशामक इंजेक्शनं, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हे सगळं मागून केलेल्यालाही मिळतं. सांध्याचं मागचं आवरण नीट शिवलं आणि कृत्रिम गोळा मोठा बसवला, तर हल्ली बरेच सर्जन पथ्यंही सैल करतात.

खडूस: ताईंना +१. सर्जनला विचारायचंच तर "तुम्ही रोज कुठून करता?" हे विचारा. मागून सफाईने करणाऱ्याला पुढून करायचा आग्रह धरणं म्हणजे त्याच्या सरावाची किंमत आपल्या मांडीने मोजणं.

निवांत: हे मान्य. पण दोन्ही मार्गांवर हात बसलेला सर्जन मिळाला तर?

खडूस: तर आधी स्वतःचं पोट बघा. सुटलं असेल तर पुढची जखम जांघेच्या घडीत ओली राहते, भरायला त्रास देते. तिथे मी मागूनच म्हणेन.