प्रवेशासाठी ‘शाळा जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र पालकांनी द्यावे का?

एक आई, राजारामपुरी

माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसणे) आहे, अधूनमधून आकडी येते आणि गिळताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असल्यामुळे तिचे जेवण पोटात बसवलेल्या नळीतून होते. जन्मदाखला, आधार, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन मिळालेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) घेऊन मी पहिलीच्या प्रवेशासाठी घराजवळच्या एका शाळेत गेले. कागद पाहून झाल्यावर आणखी दोन गोष्टी मागितल्या गेल्या: जन्मापासूनची संपूर्ण वैद्यकीय फाइल आणि ‘प्रकृतीस काही झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र. प्रवेश नाही, असे कोणी म्हटले नाही. हमीपत्र आणा, मग पाहू, एवढेच सांगितले.

असे हमीपत्र देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. वर्गात तिला आकडी आली तर कोणी काय करायचे, याबद्दल त्या कागदात एक शब्दही नाही. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. आज मूल घेऊन पालक दारात उभा आहे आणि त्याच्याकडूनच लिहून घेतले जात आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, करवीर तालुका

ताई, आपली व्यथा समजते, पण शाळेची बाजूही ऐकावी. मी स्वतः अशी हमीपत्रे घेतली आहेत आणि त्यामागे मूल टाळण्याचा हेतू नव्हता. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात एकच शिक्षिका असते, शाळेत परिचारिका नसते, आणि नळी किंवा आकडीचे औषध हाताळण्याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते. दुर्दैवाने काही घडले तर चौकशी त्या शिक्षिकेचीच होते. तिला वर्गात निर्धास्तपणे उभे राहता यावे म्हणून मुख्याध्यापकाच्या हाती कागद हवा असतो. पूर्ण फाइल मागण्याचे कारणही हेच, की कोणती बाब कधी महत्त्वाची ठरेल हे आम्हाला आधी कळत नाही.

एक वडील, इचलकरंजी

सर, शिक्षिकेची भीती खरी आहे, पण तिचा भार मुलाच्या हक्कावर का टाकायचा? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि माझ्या मुलाचा हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार) त्यांपैकी एक आहे. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, असे कलम १६ मध्ये अपेक्षित आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल, तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ देते. हमीपत्राची अट यांत कुठेही नाही.

फाइलबद्दल तर मी अनुभवाने सांगतो. पूर्वीच्या शाळेत मी सर्व कागद दिले आणि आमच्या कुटुंबातील आजाराचा इतिहास शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय झाला. तेव्हापासून प्रमाणपत्राच्या पलीकडे मी एकही कागद देत नाही.

परिचारिका, बालरोग कक्ष

दादा, येथे मी आपल्याशी सहमत नाही. फाइल देऊ नका, पण माहिती द्यायलाच हवी. प्रमाणपत्रावरचा टक्का वाचून शिक्षिकेला काहीही करता येत नाही, आणि सर, दोनशे पानांची फाइल वाचूनही येत नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सहीचे एक पान पुरते. या मुलीची आकडी कशी दिसते. ती आल्यावर तिला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातील फवारा द्यावा आणि १०८ ला फोन करावा. नळी निसटली तर छिद्रावर स्वच्छ गॉज ठेवून लगेच आईला कळवावे, कारण ते छिद्र काही तासांतच आकसू लागते. शाळेत कोणी नळी परत घालू नये. खाली दोन दूरध्वनी क्रमांक आणि तारीख. औषधाची मात्रा वजनावर ठरते आणि मूल वाढते, म्हणून हे पान दर जूनमध्ये नवे करून घ्यावे. जुन्या मात्रेचा कागद कपाटात राहणे हमीपत्र नसण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

निवृत्त मुख्याध्यापक

हे पान माझ्या काळी मिळाले असते तर बरे झाले असते, हे मान्य करतो. तरीही फवारा देण्यासाठी पालकांचे लेखी संमतीपत्र हवेच, आणि तो देण्याची जबाबदारी कोणाची, याचा लेखी आदेश वरून आल्याशिवाय मी कोणत्याही शिक्षिकेला पुढे हो म्हणणार नाही.

एक आई, राजारामपुरी

सर, संमतीपत्र आनंदाने देईन. ‘औषध द्या’ असे लिहिणे आणि ‘काहीही झाले तरी तुमचा संबंध नाही’ असे लिहिणे, यांत माझ्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सोमवारी मी डॉक्टरांचे पान, संमतीपत्र आणि प्रवेशाचा अर्ज एकत्र देऊन आवक क्रमांकासह पोच घेणार आहे. हमीपत्र त्यात नसेल. ते हवेच असेल, तर तशी मागणी शाळेने लेखी करावी, अशी विनंती अर्जातच केली आहे. नळीतून जेवण देण्यासाठी पहिला महिना मी स्वतः मधल्या सुट्टीत येईन आणि ज्या ताई तयार असतील त्यांना शिकवेन. मात्र मी वर्षभर वर्गाबाहेर बसले तरच प्रवेश, अशी अट कोणी घातली, तर ती मला मान्य नाही.