नायट्रोजनसाठी लेनर्ड-जोन्सची कोणती मूल्ये घ्यावीत?

प्रश्न : नायट्रोजनची ३०० केल्विनला श्यानता (वायूचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध) काढण्यासाठी लेनर्ड-जोन्स विभवाच्या, म्हणजे दोन रेणूंमधली ओढ व ढकल सांगणाऱ्या सूत्राच्या, मला दोन जोड्या मिळाल्या आहेत : सिग्मा (रेणूचा आकार) ३.७९८ अँगस्ट्रॉम व एप्सिलॉन (आकर्षणाची तीव्रता) भागिले के (बोल्ट्झमन स्थिरांक) ७१.४ केल्विन, आणि ३.६८१ व ९१.५. कोणती वापरावी?

उत्तर : दोन्ही जोड्या श्यानतेच्या मोजमापांवरून बसवलेल्या असल्याने चॅपमन-एन्स्कॉग सूत्रातून (रेणूंच्या टकरींवरून वायूची श्यानता काढणारे सूत्र) दोन्हींचे उत्तर सुमारे १७८ मायक्रोपॉइझ (श्यानतेचे एकक) येते, मात्र एकीतला सिग्मा आणि दुसरीतला एप्सिलॉन कृपया एकत्र करू नका, कारण एकातली चूक दुसरा भरून काढत असतो.

प्रश्नकर्ता : नेमके तेच झाले होते. ३.७९८ सोबत ९१.५ घेतल्याने १६७ येत होते. मनापासून आभार.

दुसरे उत्तर : पुढे पाण्याची वाफ घेणार असाल, तर रेणू ध्रुवीय (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण प्रभार असलेला) असल्याने स्टॉकमायर विभव, म्हणजे लेनर्ड-जोन्समध्ये ध्रुवीयतेचे पद जोडलेला विभव, वापरावा.