लहान घर लवकर गार का पडतं?

"घर लहान, तर उष्णताही कमी जाते" हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. एकूण कमी जाते, पण आतल्या दर घनमीटरमागे जास्त. ५ मीटर बाजूची ८ सुटी घनाकार घरं घ्या. जमीन सोडून भिंती-छपरांचं क्षेत्रफळ भरतं १००० चौरस मीटर. तीच एकमेकांना चिकटवून, वर-खाली रचून १० मीटरचा एकच ठोकळा केला, की ५००! जागा तेवढीच, थंडीला उघडं अंग निम्मं.

लडाखची जुनी घरं बघा: आटोपशीर, जाड मातीच्या भिंती, खाली गुरं, वर माणसं, छपरावर वैरण रचलेली. अर्थात तिथे दक्षिणेचं ऊनही घरात घ्यायचं असतं, त्यामुळे बाहेरचं क्षेत्रफळ आणि आतली जागा यांच्या नुसत्या गुणोत्तरावर घराचा नकाशा काढू नका. विनाकारण बाहेर काढलेले कोपरे मात्र नक्की टाळा.