गेरू + ऊन वापरून पाण्यातलं बिस्फेनॉल ए तुटत नाहीये, कुठे चुकतंय?

श्रुती_नागपूर
नमस्कार मंडळी. एमएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट आहे लोहखनिज आणि उन्हानं बिस्फेनॉल ए (बीपीए) तोडायचा. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकमधे असतं तेच, शरीरात गेलं की इस्ट्रोजेनसारखं वागतं. लॅबचं हेमेटाइट (लोहाचं लाल ऑक्साइड खनिज) अजून आलं नाही म्हणून इतवारीतून गेरू आणला, कुंड्या अन् तुळशीवृंदावन रंगवतो तोच, त्याचा लाल रंग हेमेटाइटचाच असतो ना. धुतला, १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या द्रावणात टाकला, गच्चीवर चार तास ठेवला. मे महिन्यातलं आपलं ऊन! तरी यूव्हीवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) २७६ नॅनोमीटरला, जिथं बीपीए प्रकाश शोषतं, रीडिंग जेमतेम १० टक्के उतरलं. खूप मेहनत घेतलीय हो, प्लीज सांगा.

हिंगण्याचा_दादा
ताई, ऊन भरपूर आहे, कमी पडून राहिलं ते दुसरंच. हेमेटाइटचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी ऊर्जा) साधारण २.१ ईव्ही, म्हणजे डोळ्याला दिसणारा प्रकाशही ते घेते, पण सुटलेले इलेक्ट्रॉन अन् होल (इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली रिकामी जागा) पृष्ठभागावर यायच्या आधीच एकमेकांत मिसळून जातात, काम होतच नाही. थोडं ऑक्झॅलिक अॅसिड घाल, गंजाचे डाग काढतात ते. ऑक्झॅलेट खनिजाच्या अंगावरच्या लोहाला धरते, त्यावर ऊन पडलं की फेरिकचं फेरस (लोहाची दोन रूपं) होते, अन् ऑक्सिजनपासून पेरॉक्साइड तिथल्या तिथंच तयार होते. पुढे फेरस आणि पेरॉक्साइड भेटले की १८९४ पासून माहीत असलेली फेंटनची रिअॅक्शन, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल (फार जोरानं रिअॅक्ट होणारा कण), तोच बीपीएला फोडतो. पीएच ३-४ ठेव, न्यूट्रलला हे फार मंदावते. आणि हातमोजे घाल, ऑक्झॅलिक विषारी आहे.

लॅबवाली_मावशी
दादांचं बरोबर, पण श्रुती, ऑक्झॅलेट घातल्यावर २७६ वर अजिबात विसंबू नको गं. विरघळलेलं लोह-ऑक्झॅलेट तिथंच प्रकाश शोषतं, बीपीए संपलं तरी आकडा वाढलेला दिसेल. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी पद्धत) कर, सँपल काढल्याबरोबर सिरिंज फिल्टरनं गाळ नाहीतर गाडी बाटलीतच पुढे चालू राहते. आणि एक फ्लास्क फॉइल गुंडाळून अंधारात ठेवलास का? तुझे १० टक्के नुसते गेरूला चिकटलेलेही असू शकतात.

भांडेवाडी_रहिवासी
मी केमिस्ट्रीचा नाही पण नाग नदीजवळच राहतो म्हणून विचारतो, हे नदीत करता येईल का?

हिंगण्याचा_दादा
थेट नदीत नाही भाऊ. गढूळ पाण्यात ऊन आतपर्यंत जातच नाही, आणि बायकार्बोनेट अन् सेंद्रिय घाण रॅडिकल आधीच खाऊन टाकतात. एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) निघालेल्या पाण्यावर शेवटचा टप्पा म्हणून विचार होऊ शकते. तो व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटते, कारण हार्मोनसारखं काम करणारी काही रसायनं फार कमी मात्रेतही घात करतात. कॅनडात २००१ ते २००३ एका प्रयोगाच्या तळ्यात गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅमच सोडलं होतं, नर मासे मादीसारखे व्हायला लागले आणि त्या जातीची संख्या कोसळली.

लॅबवाली_मावशी
म्हणूनच बीपीए गेलं एवढ्यावर थांबू नये. अर्धवट तुटलेले तुकडेही पाण्यातच राहतात, जमलं तर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) बघ, शेवटपर्यंत कार्बन डायऑक्साइड झालं की नाही ते कळेल.

श्रुती_नागपूर
अंधारातला फ्लास्क केलाच नव्हता 😞 सोमवारी तोच आधी लावते, मग ऑक्झॅलेट. मावशी, टीओसीला किती मिली सँपल लागेल?