वजन काढायचं, पण कुठून?

वर एकांनी विचारलंय, एवढे पैसे घेतात तर बेंटलेवाले त्यांच्या कॉन्टिनेन्टल जीटी या आलिशान गाडीचं दोन टनांहून जास्त असलेलं वजन खाली का आणत नाहीत? आणतील हो, पण मग ती जीटी, म्हणजे ग्रँड टूरर, लांबचा पल्ला वेगात आणि आरामात गाठणारी गाडी, राहणार नाही. दुपदरी काचा, आवाज अडवणारे थर, मोटरवर सरकणाऱ्या सीटा हे सगळं वजनच आहे. ते काढलं तर साताऱ्याहून निघून बंगळूरला ताजंतवानं उतरणं विसरा.

खरी गंमत सस्पेन्शनमध्ये आहे. वळणावर गाडी झुकू नये म्हणून अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पीळ खाणारा दांडा, जाड करावा, तर तो दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांना जखडतो. पसरणी घाटात एकच चाक खड्ड्यात गेलं तरी अख्खी गाडी डुलते आणि आतल्यांची डोकी हलतात. 2017 साली दाखवलेल्या तिसऱ्या पिढीत यावर तोड काढली: बारच्या मधोमध 48 व्होल्टची मोटर. सरळ रस्त्यावर बार जवळजवळ मोकळा, वळण आलं की मोटर त्याला पीळ देते. अर्थात, त्या मोटरचंही वजन आलंच! त्याच पिढीत पुढची चाकं 135 मिमी पुढे सरकवली, नाकावरचा भार हलका व्हावा म्हणून.

ब्रेकचा मुद्दा मात्र कुणीच काढला नाही. वेग दुप्पट झाला की जिरवायची ऊर्जा चौपट. म्हणून डिस्क मोठी, डिस्कसाठी रिम मोठा, आणि रिम मोठा की टायरची भिंत बारीक. खड्ड्याचा पहिला दणका तर ती भिंतच खाते. 21 इंची रिम फोटोत झकास दिसतात, पण ब्रेक मावत असतील तर मी आपला लहान रिमच घेईन.