क्नूद रासमुसेन : इनुइटांचा आपला माणूस की डेन्मार्कचा व्यापारी?

हिमवाट :
ध्रुवावरच्या मोहिमांचा विषय निघाला की आपल्याकडे अमुंडसेन, स्कॉट, पिअरी हीच नावं येतात, कोण आधी पोचला आणि कोण वाटेत मेला. मला विचाराल तर या सगळ्यांपेक्षा मोठं काम क्नूद रासमुसेनचं आहे. जन्म 1879 चा, ग्रीनलंडमधल्या इलुलिसातचा, वडील डॅनिश पाद्री, आईकडून इनुइट (ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्काचे मूळ रहिवासी) रक्त, त्यामुळे तिथली भाषा लहानपणापासून तोंडात आणि कुत्र्यांची गाडी हाकणं अंगवळणी पडलेलं. 1921 ते 1924 च्या पाचव्या थुले मोहिमेत (थुले हे वायव्य ग्रीनलंडमधलं त्याचं ठाणं) हा माणूस हडसन उपसागराकडून निघून कॅनडाचा सगळा उत्तर किनारा पार करत अलास्कात नोमपर्यंत गेला, आणि वाटेत प्रत्येक वस्तीत थांबून लोकांची गाणी, गोष्टी, देव, भीती सगळं लिहून घेतलं. आवा नावाच्या मांत्रिकाला त्याने विचारलं की तुमचे हे इतके नियम कशासाठी? तर आवाने त्याला वादळात बाहेर नेलं, शिकार न मिळाल्याने गारठलेलं घर दाखवलं, आजारी बहीण दाखवली आणि उलट विचारलं की हे असं का, तू सांग. बाकीच्यांच्या पुस्तकांत इनुइट म्हणजे गाडी हाकणारे मदतनीस, इथे तोच माणूस प्रश्न विचारतोय आणि रासमुसेनने ते जसंच्या तसं छापलंय. यापुढे ध्रुवावर झेंडा रोवण्याचं कौतुक मला तरी फिकं वाटतं.

सांजवारा :
गाणी लिहून घेतली हे खरं, पण अर्धंच सांगताय. 1910 मध्ये याने पीटर फ्रॉइशन या डॅनिश साथीदारासोबत थुलेला व्यापारी ठाणं टाकलं, कोल्ह्यांची कातडी घ्यायची आणि बंदुका, काडतुसं, बाकी माल द्यायचा. मोहिमांचा बराचसा पैसा त्यातूनच आला. म्हणजे ज्या लोकांचा अभ्यास करायचा तेच लोक सापळे लावून त्या अभ्यासाचा खर्च भरणार! आणि कॅनडातल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून त्याने ताईत घेतले ते कसे? लोक द्यायला घाबरत होते, तर ताईत हातातून गेला तरी त्याची शक्ती तुमच्याकडेच राहते असं त्याने त्यांना पटवलं. समोरच्याची श्रद्धा आतून माहीत असलेला माणूसच असं करू शकतो, आणि मला नेमकं तेच खुपतं.

हिमवाट :
ठाण्याबद्दल बोलताना त्याच्या आधी काय होतं तेही बघा ना. पिअरीने याच भागातून केप यॉर्कच्या लोखंडी उल्का उचलून न्यूयॉर्कला नेल्या, 1897 मध्ये सहा माणसंही नेली, त्यातली चार तिकडेच मेली. 1909 नंतर पिअरीने येणं बंद केलं, आणि बंदुकीची सवय लागलेल्या लोकांना काडतुसं मिळायची सोय राहिली नाही. डेन्मार्क सरकार तेव्हा तिथे ठाणं काढायला तयार नव्हतं. मग या माणसाने स्वतः काढलं तर तो गुन्हा झाला का?

सांजवारा :
पिअरीपेक्षा बरा, ही काय कसोटी झाली? तेवढं तर कुणालाही जमेल.

नकाशेवाला :
तुम्ही दोघंही भूगोल विसरताय. पिअरीने उत्तर ग्रीनलंड तोडणारी एक खाडी नकाशात दाखवली होती जी मुळात नव्हतीच, 1907 मध्ये डॅनिश मोहिमेचा प्रमुख मिलियुस-एरिकसन आणि त्याचे दोन साथीदार परत येताना मेले, त्यात त्या चुकीच्या नकाशाचा मोठा हात होता. 1912 मध्ये रासमुसेन, फ्रॉइशन आणि उव्दलोरियाक, इनुकित्सोक हे दोन इनुइट असे चौघं हिमचादर ओलांडून तिकडे गेले आणि खाडी नाही हे स्वतः बघून आले. हे कामही लहान नाही.

काठावरची :
चौघांची नावं घेतलीत ते फार बरं केलं, कारण माझा राग तिथेच आहे. नोमपर्यंतच्या प्रवासात रासमुसेनबरोबर आणखी दोन इनुइट होते, मितेक आणि अर्नारुलुंग्वाक. अर्नारुलुंग्वाकचा नवरा मोहिमेत येणार होता, तो 1921 मध्ये सुरुवातीलाच आजाराने गेला, तरी ती मागे फिरली नाही. थंडीत कातड्याचे कपडे फाटले तर माणूस मरतो, ते कपडे शिवणं, वाळवणं, दिवा पेटता ठेवणं हे सगळं तिच्याकडे, शिवाय गाडीबरोबर सगळी वाट ती चाललीच. डेन्मार्कच्या राजाने तिला पदक दिलं, पण चर्चेत तिचं नाव कितीदा येतं? हिमवाट, तुमच्या एवढ्या मोठ्या पहिल्या पोस्टमध्येसुद्धा "हा माणूस गेला" असंच आहे.

हिमवाट :
तिचं नाव यायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण रासमुसेनने स्वतःच्या लिखाणात त्या दोघांना लपवलेलं नाही, नावं गाळली ती नंतरच्या लोकांनी, त्याचा दोष त्याच्या माथी मारू नका.

सांजवारा :
आणि थुलेचं पुढे काय झालं? 1953 मध्ये अमेरिकेच्या लष्करी हवाई तळासाठी तिथल्या लोकांना शंभरावर किलोमीटर उत्तरेला कानाकला हलवलं, घरं सोडायला जेमतेम काही दिवस दिले. रासमुसेन 1933 मध्येच गेला होता, मान्य. पण त्या भागावर डेन्मार्कचा हक्क पक्का व्हायला त्याच्या ठाण्याचा उपयोग झाला, हे कसं नाकारणार?

हिमवाट :
नाकारत नाहीच. पण 1953 चा निर्णय घेणारे सरकारी लोक वेगळे होते. वीस वर्षं आधी मेलेल्या माणसाला त्यासाठी उभं करणं मला पटत नाही.

काठावरची :
मग जे आज करता येईल त्यावर बोलूया. डेन्मार्कने 1982 पासून ग्रीनलंडच्या सुमारे 35,000 वस्तू परत दिल्या, दोन्ही बाजूंनी बसून, समजुतीने. पाचव्या मोहिमेत कॅनडातून आणलेला संग्रह मात्र मुख्यतः कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातच आहे. ते ताईत नेत्सिलिकांच्या नातवंडा-पतवंडांकडे जावेत असं माझं मत आहे. हिमवाट, तुम्ही याला हो म्हणाल का?

हिमवाट :
ताईत, हो, त्यांनी मागितले तर लगेच. त्याच्या वह्या मात्र कोपनहेगनलाच राहाव्यात आणि प्रती तिकडे द्याव्यात, कारण त्या त्याने लिहिल्यात.

सांजवारा :
लिहिल्या त्याने, सांगितल्या आवाने. मी तरी मूळ वह्यासुद्धा तिकडेच पाठवीन.